बिबड्यांच्या खाटेवर डॉस

तोताराम आबांच्या बैठकीत कंप्युटर आला त्याच्या दुसऱ्या दिवशी देवचंद त्याच्यासमोर हात धुऊन बसला होता. अगदी खरोखरचे, साबण लावून धुतलेले हात. चपला दाराबाहेर, कंगवा कोनाड्यात आणि डोक्याला तेलाचा थेंब नाही. धुळ्याच्या क्लासमध्ये तशी शिस्तच होती. काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं उमटली होती आणि त्यांचा अर्थ असा होता की या फ्लॉपीवरून मशीन सुरू होत नाही, ती बदला आणि कुठलंही बटण दाबा. देवचंद सकाळपासून कुठलंही बटण दाबत होता.

"काय म्हनस ते?" आबांनी गादीवरून विचारलं.

"काही नाही आबा. जुळवाजुळव करतंय."

तोताराम आबा धरणगावातले कापसाचे मोठे अडते. जळगावच्या एका व्यापाऱ्याच्या पेढीवर त्यांनी कंप्युटर पाहिला, आणि त्याच्याकडे आहे ते आपल्याकडे नाही ही गोष्ट त्यांच्या घशाखाली उतरेना. महिन्याभरात मशीन दारात आलं. जळगावहून आलेल्या माणसांनी वायरी जोडल्या आणि ते आता डॉस चढवणार, म्हणजे ज्याच्याशिवाय मशीन मुकं असतं तो कारभारी त्याच्या पोटात बसवणार, तेवढ्यात आबांनी त्यांचा हात धरला. अक्षय्य तृतीया, म्हणजे खानदेशाची आखाजी, तीन दिवसांवर होती. "आखाजीले चालू करसूत. मुहूर्तना पहिले नही." माणसं हसली, फ्लॉप्यांची खोकी आबांच्या हातात ठेवून निघून गेली. आबांच्या घरात साखरेपासून सुतळीपर्यंत सगळं आधी आबांच्या हातात जायचं आणि मग लागेल तेवढं बाहेर यायचं. कापूस दाखवतानाही ते मूठभर नमुना पुढे करत. गोदामाचं दार उघडायचं ते सौदा ठरल्यावर. तर आबांनी दुसऱ्या दिवशी लाल रुमालात बांधलेल्या काही फ्लॉप्या देवचंदच्या हातात दिल्या आणि म्हणाले, "ले. तोपावत हात बसाडी ले."

देवचंदचा हात बसलेला असता तर प्रश्नच नव्हता. धुळ्याला भिकन सरांच्या क्लासमध्ये त्याने सहा महिने काढले होते, पण तिथे मशीन दोन आणि पोरं खोलीभर. मशीनला हात लावायची पाळी सणासुदीसारखी यायची. बाकीचे दिवस पोरं कागदावर प्रोग्राम लिहायची आणि सर लाल पेनाने तपासायचे. कागदावर देवचंदचा प्रोग्राम कधी चुकला नाही. निरोप देताना सरांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, "मशीन मिळालं तर दुसऱ्याकडून तयार करून घेऊ नकोस. कोऱ्या मशीनवर स्वतःच्या हाताने डॉस चढव. ते काय विचारतंय ते वाच, मग उत्तर दे. शिकायचा हाच रस्ता आहे. आणि हो, सगळ्यात आधी फ्लॉपीची नक्कल काढून ठेव." देवचंदने हे सगळं आबांपुढे असं सांगितलं होतं की जणू तो आजवर दहा गावांत डॉस चढवून आला आहे.

आता त्या बोलण्याची किंमत समोर बसली होती. आखाजीला मशीन सुरू झालं तर आबांच्या पेढीवर खुर्ची, वर पंखा आणि गावात नाव. नाही झालं तर वडिलांचा निर्णय ठरलेला होता: रावेरला मामाकडे, केळीच्या ट्रक भरायला. देवचंद एकदा सुट्टीत तिथे जाऊन आला होता. खांद्यावर घड घेऊन त्याने चार खेपा केल्या आणि पाचव्या खेपेला तो घडाखाली बसला. त्या वेळच्या शर्टावरचे केळीच्या चिकाचे डाग अजून निघाले नव्हते, आणि आईने तो शर्ट कपाटात वरच ठेवला होता.

"व्हयनी का जुळवाजुळव?" आबांनी दुपारी पुन्हा विचारलं.

देवचंदने रुमालातल्या साऱ्या फ्लॉप्या एकामागून एक घालून पाहिल्या होत्या. सगळ्यांवर तेच उत्तर. फ्लॉप्यांवर काही लिहिलेलं नव्हतं, पण क्लासमध्येही नसायचं. सर वासावरून ओळखतात असं पोरं म्हणत. मशीन 'बदला' म्हणत होतं आणि देवचंदला खात्री होती की चूक आपलीच. धुळ्याहून आल्यापासून तो शुद्ध बोलत असे, पण घाबरला की अहिराणी आपोआप वर यायची.

"गरम व्हई गयं आबा," तो म्हणाला आणि लगेच सावरला, "म्हणजे, थंड हवा लागते याला. क्लासमध्ये एसी होता."

हे खोटं त्याला अगदी निरुपद्रवी वाटलं. धरणगावात त्या दिवसांत लोखंडी खांबाला हात लागला तरी फोड यायचा. मशीनला गरम होतंय यावर कोण अविश्वास दाखवणार? आबा उठले, आतल्या खोलीत गेले आणि दोन गड्यांच्या मदतीने मोठा कूलर बाहेर ढकलत घेऊन आले. आत आखाजीसाठी माहेरी आलेल्या त्यांच्या दोन लेकी पोराबाळांसकट आडव्या झाल्या होत्या. त्यातली मोठी दारात येऊन म्हणाली, "सासरी पंखा तरी शे. आठे कंप्युटरले कूलर आनि आमले पदर."

आबांनी ऐकलं नाही. त्यांनी कूलरचं तोंड मशीनकडे केलं, पाण्याची मोटर सुरू केली आणि समाधानाने बसले. कूलर जुना होता. गवताच्या जाळीतून तो वारा कमी आणि तुषार जास्त फेकायचा. देवचंद मशीनवर चादर टाकून जेवायला घरी गेला. फ्लॉप्या मात्र टेबलावर, रुमालावर उघड्याच राहिल्या.

परत आला तेव्हा टेबलावर रुमाल होता आणि त्याचा लाल रंग टेबलभर उतरला होता. फ्लॉप्या नव्हत्या.

देवचंद स्वयंपाकघरात डोकावला, ओसरीवर पाहिलं आणि शेवटी धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर गेला. तिथे आबांच्या बायको, रुक्माबाई काकू, डोक्यावर ओला पदर घेऊन बिबड्या उलटत होत्या. खाटेवर जुनं लुगडं पसरलेलं, त्यावर ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे खानदेशी पापड, ओळीने लावलेल्या आणि कडेच्या ओळीत, तितक्याच नीटपणे, फ्लॉप्या.

"काकू, या काळ्या..."

"ओल्या व्हयेल व्हत्यात बिचाऱ्या. म्हनं वाळाडी टाकूत." काकूंनी एक उचलून पाहिली. "वाळन्यात आते. पन जराशा वाकन्यात."

जराशा नव्हे. धाब्यावरच्या उन्हाने फ्लॉप्यांचे चारही कोपरे वर उचलले होते, कढईत टाकलेल्या पापडासारखे. एक तर वाटीसारखी झाली होती, तिच्यात चार दाणे तीळ ठेवता आले असते. देवचंद तिथेच खाटेच्या पायाला टेकला.

"काकू, मी मरी गवू."

"काय व्हयनं रे? बिबड्या बी वाकतस."

"काकू, यात डॉस आहे."

"कोन शे?"

देवचंदने सांगितलं की मशीनचा सगळा कारभार या तबकड्यांत लिहिलेला असतो, यांच्याशिवाय मशीन म्हणजे नुसता डबा, आणि या उन्हाला, धुळीला, हाताच्या बोटालासुद्धा जपायच्या असतात. काकूंनी सगळं ऐकलं आणि हातातली फ्लॉपी हलकेच खाली ठेवली. त्यांचा चेहरा उतरला.

"आबा माले मारावत नही का बोलावत नही," त्या म्हणाल्या, "पन आखाजीले बठ्ठासमोर तोंड फुगाडी बसतीन. लेकी-जावाई घरमा शेत. तू काही सांगू नको. मी करस."

त्यांनी जे केलं ते बिबड्या वाकल्या की करतात तेच. फ्लॉप्यांवर पाण्याचा हलका हात फिरवला, त्या कापडात गुंडाळल्या आणि वर पाटा ठेवला. पाट्यावर वरवंटाही ठेवला. सणाचं घर, संध्याकाळी थोरल्या लेकीने त्याच पाट्यावर लसणाची चटणी वाटली, आणि कोणी तिला थांबवूही शकलं नाही, कारण मग खरं सांगावं लागलं असतं.

सकाळी फ्लॉप्या बऱ्याच सरळ झाल्या होत्या. लसणाचा वास येत होता तेवढाच. आबा आंघोळीला गेल्याची संधी साधून देवचंदने त्यातली बरी दिसणारी आत सरकवली. मशीन घरघरलं, कण्हलं, आणि पडद्यावर अक्षरं उमटली. या फ्लॉपीवरून मशीन सुरू होत नाही, ती बदला. वाळण्याआधी मशीन जे म्हणत होतं तेच ते वाळल्यावरही म्हणत होतं. याचं नवल वाटायला हवं होतं. पण देवचंदच्या डोळ्यांसमोर केळीचा ट्रक उभा होता आणि त्याच्या आड बाकी काही दिसत नव्हतं.

"आबा, सरांकडून एक सुटा भाग आणायचा आहे," त्याने सांगितलं आणि धुळ्याची एसटी धरली.

आखाजीचा आदला दिवस. एसटीत माहेरवाशिणी, त्यांची पोरं, पिशव्या आणि आंब्यांच्या टोपल्या. देवचंद दोन तास एका पायावर उभा होता. धुळ्याला पोचला तर क्लासला कुलूप. भिकन सर घरी, ओट्यावर सतरंजी टाकून शेजाऱ्यांसोबत पत्ते खेळत होते. आखाजीला खानदेशात पत्ते खेळायला सवड लागत नाही, न खेळायला कारण लागतं. सरांनी पानांवरून नजर न काढता सगळी हकिकत ऐकली.

"उन्हात घातल्या?" ते म्हणाले. "अरे, या उन्हात धुळ्यात माणसं बाहेर पडत नाहीत."

"मी नाही सर, काकूंनी."

"नक्कल काढली होती?"

देवचंद सतरंजीची दशी ओढू लागला.

"म्हणजे पहिला धडाच राहिला. बरं, वाळत घालायच्या आधी मशीन काय म्हणत होतं?"

"फ्लॉपी बदला म्हणत होतं सर."

"मग बदलायची ना."

"साऱ्या घालून पाहिल्या. तेच म्हणतंय."

"तेच म्हणतंय तर तेच खरं असेल," सर म्हणाले आणि त्यांनी पान टाकलं. "मशीनला तुझी भीड नाही पडत, देवचंद. ते म्हणतं ते ऐकत जा."

देवचंदला वाटलं सरांचं अर्धं लक्ष डावात आहे. त्याने क्लासमधल्या फ्लॉप्या मागितल्या. सर द्यायला तयार होते, पण क्लासची किल्ली त्यांच्या भागीदाराकडे आणि भागीदार आखाजीचा जावई म्हणून शिरपूरला सासरवाडीत पुरणाचे मांडे खात होता. तो परवा येणार. सरांनी देवचंदला पाणी दिलं, पन्हं दिलं, आणि निघताना म्हणाले, "एक करता येईल. आबांना खरं सांगून टाक."

परतीच्या एसटीत देवचंदने खरं सांगायची तालीम केली. पारोळ्यापर्यंत ते वाक्य पाठ झालं होतं. धरणगावला उतरला तेव्हा त्यातला एकही शब्द आठवेना.

आखाजीच्या सकाळी आबांची बैठक भरून गेली. अडते, जिनिंगवाले, शाळेचे गुरुजी, दोन्ही जावई, आणि दाराशी अर्धी गल्ली. देवचंदचे वडीलही आले होते आणि त्यांच्या शेजारी, टोपी मांडीवर घेऊन, रावेरचे मामा बसले होते. मशीनला झेंडूचा हार, पडद्याच्या कपाळावर कुंकू. नारळ उंबऱ्यावर फुटला. देवचंदच्या पिशवीत लसणाचा वास येणाऱ्या फ्लॉप्या होत्या आणि आतल्या दाराआड काकू पदराचं टोक दातात धरून उभ्या होत्या.

तो आबांजवळ गेला. "आबा, एक सांगनं शे."

"मुहूर्त टळी जाई. मंग सांग."

"आबा, मुहूर्ताच्या आधीच सांगायला पाहिजे. त्या फ्लॉप्या..."

"तेच करी ऱ्हायनू ना," आबा म्हणाले. त्यांनी कमरेच्या करगोट्याला बांधलेली किल्ली काढली, तिजोरी उघडली, लक्ष्मीची तसबीर जरा बाजूला सरकवली आणि आतून एक खोकं काढलं. वर छापील इंग्रजी अक्षरं, कडेचं सील तसंच. "त्या ठेव बाजूले. या ले."

देवचंदने खोक्याकडे पाहिलं, मग आबांकडे.

"मग त्या कोणत्या होत्या?"

"त्या कोऱ्या शेत. दुसरं खोकं व्हतं ना, त्यामधल्या." आबा बैठकीकडे वळून हसले. "तरनं पोऱ्या शे. खऱ्या पहिलेच देतू तर मुहूर्तना आधीच चालू करी टाकतं. म्हनून नमुना दिन्हा. नमुनावर हात बसाड, सौदाना दिवशी माल ले."

मंडळी हसली. आतून भांडं पडल्याचा आवाज आला. काकूंनी दाराचा आधार घेताना कळशीला धक्का लागला होता. देवचंदला रागच यायला हवा होता. दोन दिवस तो कोऱ्या फ्लॉप्यांशी झुंजला होता, एसटीत एका पायावर धुळे करून आला होता, आणि मशीन पहिल्या मिनिटापासून त्याला खरं तेच सांगत होतं. पण राग आला नाही. छातीवरचा पाटा आणि वरवंटा कोणीतरी एकदम उचलल्यासारखं झालं आणि त्याला इतकं हलकं वाटलं की तो खुर्चीवर बसताना जरा चुकलाच.

सील फुटलं. पहिली फ्लॉपी आत गेली. मशीन घरघरलं आणि या वेळी वेगळीच अक्षरं आली. देवचंदने ती वाचली, एकेक ओळ, बोट ठेवून. पुढे मशीनने एक प्रश्न विचारला आणि त्याचा हात थबकला.

"काय इचारस ते?" आबा पुढे सरकले.

"आतलं सगळं पुसलं जाईल म्हणतंय. पुसू का, विचारतंय."

"आतमा काय शे?"

"काहीच नाही."

"मंग इचारस कशाले?"

"त्याची रीत आहे आबा. विचारल्याशिवाय करत नाही."

"मना जावाईस्ना पेक्षा बरं शे," आबा म्हणाले, आणि दोन्ही जावयांनी पन्ह्याच्या पेल्यात पाहिलं.

देवचंदने होकाराचं बटण दाबलं. मशीन मागेल तशी फ्लॉपी बदलत गेला; बदला म्हटलं की बदलली, दाबा म्हटलं की दाबलं. पन्ह्याची दुसरी फेरी संपता संपता पडदा एकदा कोरा झाला आणि वरच्या कोपऱ्यात एक अक्षर, तीन खुणा आणि लुकलुकणारी रेघ उमटली. डॉस बसला होता, मशीन हुकमाची वाट पाहत होतं. देवचंदचे डोळे भरून आले. बाकी मंडळी अजून वाट पाहत होती.

"इतलंच?" मामांनी विचारलं.

देवचंदने रुमालाने हात पुसले. क्लासमध्ये पहिल्या दिवशी कागदावर लिहिलेला प्रोग्राम त्याला तोंडपाठ होता: नाव छाप, आणि परत वर जाऊन तेच कर. दोन ओळी. त्याने डॉससोबत आलेली बेसिक ही प्रोग्रामची भाषा सुरू करून त्या टाइप केल्या, आणि आबांचं नाव इंग्रजीत पडद्यावर धावत सुटलं. आबा चेकवर सही इंग्रजीत करत, त्यामुळे आपलं नाव त्यांना लगेच ओळखू आलं. नाव वरून निघे, खाली येई, पुन्हा वरून निघे. पडदा भरून वाहत होता. दारातली पोरं आत घुसली. गुरुजींनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि दमून सोडून दिली.

"वा," आबा म्हणाले. बराच वेळ त्यांनी पाहिलं. मग मिशीवरून हात फिरवून देवचंदच्या वडिलांकडे वळले. "सोमवारपाईन पोऱ्या मनाकडे. खुर्ची सांगी ठेवेल शे." मामांनी टोपी डोक्यावर घातली.

"बरं, आते थांबाड," आबा म्हणाले. "मांडा थंडा व्हई ऱ्हायनात."

देवचंदने एक बटण दाबलं. नाव धावत राहिलं. दुसरं दाबलं. कागदावर प्रोग्राम कधी थांबवावा लागला नव्हता. पान संपलं की तो आपोआप थांबायचा. सहा महिन्यांत हे कोणी विचारलं नव्हतं आणि कोणी सांगितलंही नव्हतं. त्याने ज्या ज्या बटणावर बोट पुरेल ते दाबलं, आणि तोताराम आबा त्याच वेगाने वरून खाली येत राहिले.

"थांबतं आबा," तो म्हणाला. "जरा मोठं नाव आहे."

तेवढ्यात लाइट गेली. पडदा काळा झाला, कूलर घुमत घुमत बंद पडला आणि बैठकीत सगळे एकदम "हत्" म्हणाले. देवचंदने मात्र मनातल्या मनात हात जोडले. लाइट जाण्याबद्दल धरणगावात कोणी देवाचे आभार मानल्याची ही पहिलीच वेळ असावी.

मंडळी हात धुवायला उठली तसं काकू त्याच्या मागे येऊन हळूच म्हणाल्या, "तुले थांबाडता येत नव्हतं ना?"

देवचंदने मान हलवली.

"मी कोनले सांगत नही. तू बी बिबड्यासनं सांगू नको."

"नाही सांगत काकू."

पण आबा गादीवरून उठले नव्हते. उकाड्याने त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. "देवचंद, त्या कोऱ्या लई ये," ते म्हणाले. "परत खोकामा ठेवसूत."

काकूंनी देवचंदकडे पाहिलं, देवचंदने काकूंकडे. पिशवी पायाशीच होती, लपवायला जागा नव्हती. त्याने फ्लॉप्या काढून आबांच्या हातात दिल्या. आबांनी वरची उचलली. उजेडाकडे धरली. तिची वाटी पाट्याखालीही पूर्ण गेली नव्हती. त्यांनी तिचा वास घेतला, मग ती उलटी केली, आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने तिची कड चाचपली, जशी ते कापसाची ओल चाचपत.

"या उनमा वाळाडेल शेत," ते म्हणाले.

देवचंदने दाराबाहेर पाहिलं. सोमवार लांब होता आणि मामा अजून ओट्यावर होते.

"ओल्या व्हयेल व्हत्यात," काकू दाराच्या चौकटीला धरून म्हणाल्या. "कूलरना पानीखाल. मी टाक्यात धाब्यावर."

आबांनी मान डोलावली. एकदा, मग पुन्हा. "चांगलं करं," ते म्हणाले. "मालले ओल लागनी का माल गया. इतला शिकेल पोऱ्या, पन त्याले सुचनं नही, तुले सुचनं." त्यांनी त्याच फ्लॉपीने स्वतःला वारा घालायला सुरुवात केली. काकूंनी पदर तोंडाला लावला आणि त्या आत गेल्या. आतून बराच वेळ बांगड्यांचा आवाज येत राहिला.

"आनि देवचंद," आबा डोळे मिटून म्हणाले, "त्या खऱ्या बी सकाळपाईन कूलरसमोर व्हत्यात. जेवन व्हयनं का त्यासले बी जरासं ऊन दाखाडी दे."

देवचंदने खऱ्या फ्लॉप्यांचं खोकं उचललं आणि पोटाशी धरलं. मांड्यांच्या पंगतीतही ते त्याच्या मांडीवरच होतं, आणि लाइट येईपर्यंत त्याने ते कोणाच्या हाती दिलं नाही.